कोब्याला पाजलेलं पाणी

भेगा बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. चिखलीतल्या आमच्या सोसायटीत ही गोष्ट फुटल्यापासून रविवारची सकाळ माझी राहिलेली नाही. कोणी ना कोणी चहाला बोलावतं, चहा होईपर्यंत मुलांच्या ॲडमिशनबद्दल बोलतं आणि मग बेडरूममधलं कपाट सरकवून भिंत दाखवतं, डॉक्टरसमोर शर्ट वर करावा तशी. मी भेगेवरून नख फिरवतो, मोबाइलचा उजेड तिरका पाडतो आणि "काळजीचं काही नाही" म्हणतो. बहुतेक वेळा ते खरं असतं. माहितीपत्रकात जिला 'कालातीत' म्हटलं होतं ती आमची इमारत दर उन्हाळ्यात थोडी आक्रसते आणि दर पावसाळ्यात थोडी फुगते, एवढंच.

लोकांना हे पटत नाही. काँक्रीट म्हणजे दगड, आणि दगड कसा फुगेल? पण काँक्रीट पाणी पितं. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांत ओल भरली की ते अंग धरतं, ओल गेली की अंग चोरतं. चोरायला जागा मिळाली तर काही बिघडत नाही. खालून जमिनीने आणि बाजूंनी खांबांनी धरून ठेवलं असेल, तर मात्र त्या ओढाताणीत ते फाटतं. दुसरा गैरसमज असा की काँक्रीट वाळून घट्ट होतं. ते घट्ट होतं पाण्यामुळे. पहिले दोन आठवडे त्याला सतत ओलं ठेवावं लागतं. तसं न करता वाळू दिलं तर अंगात ताकद यायच्या आतच ते आक्रसायला लागतं. आणि तिसरी गोष्ट, एकदा आक्रसलेलं काँक्रीट पुन्हा भिजवलं तर फुगतं खरं, पण होतं तेवढं कधीच होत नाही. काहीतरी कायमचं कमी झालेलं असतं.

ही तिसरी गोष्ट मी सोसायटीत कोणाला सांगत नाही. ती सांगायला लागलो की मला निघोज्याजवळची ती शेड आठवते.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्याची नवी शेड उभी राहत होती आणि सल्लागारांच्या वतीने तिथल्या काँक्रीटवर लक्ष ठेवायला मी होतो. पत्रे चढले होते, बाजू अजून उघड्या होत्या, आणि एप्रिलचा कोरडा वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जात होता. शेडची जमीन म्हणजे सलग ओतलेला काँक्रीटचा कोबा. त्यातला पुढच्या दाराजवळचा मोठा भाग शेवटी ओतला गेला. ही हकीकत त्या भागाची आहे.

तिथे पाणी मारायला एक काका होते. साठीच्या आसपासचे, मराठवाड्यातल्या एका कोरड्या गावातून आलेले. त्यांचं काम एकच, ओतलेल्या काँक्रीटला पाणी देणं. कोब्यावर चार बोटं उंचीचे बांध घालून, शेतात वाफे करतात तसे वाफे करून, त्यांत पाणी तुंबवायचं. खांबांना गोणपाट गुंडाळायचं आणि ते दिवसभर भिजतं ठेवायचं. साइटवर या कामाला मान नसतो. गवंड्याला असतो, सेंटरिंगवाल्याला असतो. पाणी मारणारा म्हणजे ज्याला दुसरं काही येत नाही तो. काकांना हे मान्य नव्हतं.

"आमच्या गावात टँकर आला की भांडणं व्हतेत, सायेब," ते एकदा पाइप हातात धरून म्हणाले. "आन हितं मी दगडाला पाणी पाजायलोय. देवानं बी काय जागा निवडली!"

"दगड नाही काका. अजून दगड व्हायचाय."

"तेच म्हन्तो मी. पाजलं न्हाई तर मातीच ऱ्हाईल त्याची."

मी कॉलेजात चार वर्षं घालवून जे शिकलो, ते साधारण एवढंच होतं.

काकांना लिहिता येत नव्हतं. पण कुठल्या भागाला किती दिवस पाणी दिलं याचा त्यांचा पक्का हिशेब असे. त्या भागाला लागून असलेल्या खांबाच्या पायथ्याशी, गिलाव्यावर, ते मोठ्या खिळ्याने खूण करत. पाणी दिलं त्या दिवशी उभी रेघ. नाही दिलं, पंप बंद पडला, टँकर आला नाही, तर टिंब. चौदा रेघा झाल्या की बांध फोडायचे. मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नाही. मी खांब बघत असे.

काकांच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गोष्ट होती, ती म्हणजे खोली. शेडच्या मागे पंपहाउस होतं आणि त्याला लागून एक पक्की खोली. कारखाना सुरू झाला की बागेला माळी लागणार होता आणि ती खोली माळ्याची होती. कामाचा नारळ फोडताना कंपनीचे प्रोजेक्ट बघणारे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काका, तुम्ही आता कुठे जायचं नाही. बाग तुमची." टाळ्या वाजल्या. त्या दिवशी पेढे खाऊन झाल्यावर सगळे ते विसरले असतील. काका आणि त्यांची बायको, आमच्या मावशी, विसरले नाहीत. आयुष्यभर त्यांनी साइटवरच्या पत्र्याच्या खोपीत संसार केला होता. इमारत उभी राहिली की खोपीचे पत्रे उतरवायचे, टेम्पोत टाकायचे आणि दुसऱ्याची इमारत उभी करायला निघायचं. मावशी पंपहाउसची खोली हातांनी मोजून आल्या होत्या. पेटी कुठे, गॅस कुठे, दोरी बांधायला खिळा कुठल्या भिंतीत, हे सगळं ठरलं होतं. "खोलीला खिडकी हाय," त्या मला म्हणाल्या होत्या. बाकीची खोली त्यांनी वर्णन करण्याजोगी मानली नव्हती.

माझं त्यांच्याशी डब्यावरून जमलं. एका दुपारी उन्हाने माझ्या डब्यातली उसळ आंबली. मावशींनी ती टाकून दिली, डबा घासला आणि त्यात भाकरी-ठेचा घालून दिला. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपल्याकडची रीत. मग मी दुसऱ्या दिवशी घरून काहीतरी नेलं, त्यांनी डबा परत देताना त्यात शेंगदाणे घातले, आणि ते चालूच राहिलं. काही नसलं तर चिमूटभर साखर असे, पण डबा कधी रिकामा आला नाही.

पुढच्या भागाला पाणी द्यायला लागून पाच दिवस झाले होते. खांबावर पाच रेघा. त्या दिवशी दुपारी साहेब मांडववाल्यांना घेऊनच आले.

"उद्घाटन अलीकडे आलंय," ते म्हणाले. "पाहुण्यांना पुढची तारीख नाही. अजून सात दिवस. स्टेज इथे, खुर्च्या इथे. हे पाणी काढून टाका."

"सर, पाचच दिवस झालेत. अजून नऊ दिवस तरी ओलं राहायला पाहिजे."

"अहो, मग वाळणार कधी? वाळल्याशिवाय घट्ट कसं होईल?"

मी समजावलं. काँक्रीट आणि पापड यांत फरक आहे, हे शक्य तितक्या आदराने सांगितलं. ते हसले. "राव, तुम्ही फार पुस्तकं वाचता. मोठे पंखे लावून देतो, दोन दिवसांत खडखडीत होईल." आणि मांडववाल्याला म्हणाले, "भाऊ, उद्यापासून लागा."

मी काय करायला हवं होतं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. दोन ओळींचं पत्र. पाणी बंद केल्यास भेगा पडतील, जबाबदारी आमची नाही. सल्लागाराला पगार असली पत्रं लिहिण्यासाठीच मिळतो. पण बायकोच्या बाळंतपणाचे दिवस होते, पुढचं काम याच साहेबांकडून यायचं होतं, आणि तोंडी बोललो म्हणजे बोललोच की, असं मी स्वतःला सांगितलं.

काका पाइप धरून उभे होते. पाणी अजून चालूच होतं.

"काय करू, सायेब? तुमी सांगा."

साहेब तिथेच होते. काकांनी विचारलं मला.

"बंद करा काका," मी म्हणालो.

त्यांनी कॉक फिरवला. फावड्याने बांध फोडले. पाणी दारातून बाहेर मातीत गेलं. दुसऱ्या दिवशी खांबावर पाच रेघांपुढे एक टिंब आलं.

मांडवाचे लोखंडी सांगाडे आले, माणसाच्या उंचीचे पंखे आले. ते पंखे चार दिवस कोब्यावर भणभणत होते आणि साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला बुटाची टाच आपटून दाखवत होते, "बघा, कसा वाजतोय!" टिंबं वाढत गेली. सहा झाली. सहाव्या टिंबाच्या दिवशी सकाळी मी वाकून बघितलं तर भेगा दिसल्या. केसाएवढ्या, पण सगळीकडे. भेग पडायचीच तर सरळ रेषेत पडावी म्हणून कोब्यात आधीच खाचा मारून ठेवतात. भेगांनी त्या खाचांना काडीची किंमत दिली नव्हती. कोरड्या तळ्याचा तळ फाटतो तसा तो कोबा फाटला होता.

साहेबांचा चेहरा उतरला. उद्घाटन उद्यावर आलेलं. लाल गालिचा दारापासून स्टेजपर्यंत पुरणार होता, बाकीचा कोबा उघडा राहणार होता. आणि तेव्हा मी, विचारलं नसताना, माझी हुशारी दाखवली.

"पाणी मारलं तर थोड्या मिटतील, सर. काँक्रीट ओलं झालं की फुगतं. उद्या सकाळी भिजवून पुसून घेतलं तर दोनेक तास दिसणार नाहीत."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्ञानाला इतकी तत्काळ दाद माझ्या नोकरीत पुन्हा कधी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकांनी पाणी सोडलं. भेगा खरोखरच मिटत गेल्या. बारीक होत्या त्या दिसेनाशा झाल्या, मोठ्या बारीक झाल्या. काका उकिडवे बसून बघत होते. "आता पाजायलेत," ते स्वतःशीच म्हणाले. "तान लागली तवा न्हाई पाजलं." मग उठले, खिशातून खिळा काढला आणि खांबाकडे गेले. आदल्या दिवशी दुपारीच सगळ्या खांबांच्या पायथ्यांना पिवळे-काळे पट्टे मारून झाले होते. काकांनी अंदाजाने जागा शोधली आणि त्या ताज्या पिवळ्या रंगातून खालच्या गिलाव्यापर्यंत एक उभी रेघ ओढली.

पेंटर ओरडत आला. "अहो काका, कालच हात मारलाय ना राव! खाज सुटली का हाताला?"

"पाणी दिलं," काका म्हणाले. "दिलं तर रेघ वडायची."

"कोण बघणारे ती?"

"ते मला काय ठाव?"

वायपरने पाणी ओढून घेतलं. कोबा काळाभोर, ओला, चकचकीत दिसत होता. ठरलेल्या वेळेला पाहुणे आले असते तर सगळं निभावलंही असतं. पण पाहुणा जितका मोठा तितका उशीर, हा आपल्याकडचा प्रोटोकॉल. दोन तास गेले. पंखे बायकांच्या साड्या आणि पुरुषांच्या टोप्या उडवत होते, म्हणजे त्यांचं काम नेमकं करत होते.

ओल्या काँक्रीटची एक गोष्ट मी साहेबांना सांगितली नव्हती, कारण हुशारीच्या भरात मीच ती विसरलो होतो. वरचा पृष्ठभाग आधी सुकतो, भेगेतलं पाणी मागे राहतं. त्यामुळे भिजवलेला कोबा वाळताना त्याच्या भेगा एरवीपेक्षा दुप्पट ठळक दिसतात. करड्या जमिनीवर काळ्या रेषा, शाईने ओढल्यासारख्या.

पाहुणे आले, फीत कापली, दिवा लावला. 'भक्कम पाया' हा शब्द भाषणांत किती वेळा आला ते मी मोजलं नाही. पहिल्या वेळी मी मान खाली घातली ती वर केलीच नाही, आणि म्हणून मला सगळं दिसलं. खुर्च्यांच्या पायांतून, गालिच्याच्या दोन्ही कडांनी, एकेक रेषा वर येत होती. एक दुसरीला जाऊन मिळत होती. अर्ध्या तासात सगळ्या कोब्यावर एक मोठा नकाशा तयार झाला. पुढच्या रांगेतले एक आजोबा, मालकांचे कोणी नातेवाईक असावेत, शेजाऱ्याला म्हणाले, "डिझाइन चांगलंय. दगडी वाटतं." शेजारी म्हणाला, "आजकाल असंच चालतं."

मालकांना मात्र ते डिझाइन वाटलं नाही. ते स्टेजवरून खाली बघत होते.

चार दिवसांनी साहेबांनी माझ्याकडे अहवाल मागितला. मी तीन पानं लिहिली. तापमान, वारा, काँक्रीटचं आक्रसणं, भेगांची रुंदी. कारण म्हणून लिहिलं, 'अपुरं क्युरिंग, म्हणजे पाणी पुरेसे दिवस न दिलं जाणं.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पाणी कोणी बंद करायला लावलं, का लावलं, आणि कोणाच्या तोंडून करायला लावलं, हे त्यात नव्हतं. साहेबांनी ते वाचून सुटकेचा निःश्वास टाकला आणि मुकादमाला विचारलं, "पाणी मारायला कोण होतं?"

काका माझ्याकडे आले ते दुपारी, जेवायच्या सुट्टीत. चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"सायेब, ते म्हनायलेत मी पाणी मारलं न्हाई. माळ्याचं बी न्हाई म्हनलेत. तुमी सांगा की त्यायला. तुमच्यासमोर बंद केलं."

"बघतो काका."

"रेघा हायेत खांबावर. रंगाखाली हायेत, पन हायेत. दावा त्यायला."

"बघतो म्हटलं ना."

मी बघितलं नाही. साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत एकदा गेलो होतो, हे खरं. आत ते फोनवर होते. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. फोन संपेपर्यंत थांबायला मला कोणी मनाई केली नव्हती.

दोन दिवसांनी मी साइटवर पोचलो तेव्हा खोपीचे पत्रे टेम्पोत चढत होते. काका वर उभे राहून दोरी आवळत होते. त्यांनी मला पाहिलं आणि दोरीकडे लक्ष दिलं. माझा डबा मावशींकडे राहिला होता. त्यांनी तो पिशवीतून काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घासलेला हाय," त्या म्हणाल्या.

कुठे चाललात, असं मी विचारलं. "बघू," त्या म्हणाल्या. टेम्पो गेल्यावर मी डबा उघडला. आत काही नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नव्हता. मी टोपण लावून परत उघडून बघितलं, हे सांगायला मला लाज वाटते.

साहेब पुढे मोठे झाले, दुसऱ्या कंपनीत गेले. मला त्यांच्याकडून काम काही मिळालं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

गेल्या महिन्यात त्याच कारखान्यातून बोलावणं आलं. फोर्कलिफ्टची चाकं जाऊन जाऊन भेगांच्या कडा तुटल्या होत्या, दुरुस्ती सुचवायची होती. आता तिथे नवे साहेब आहेत, तरुण, हुशार, माझा जुना अहवाल त्यांच्या लॅपटॉपवर उघडा. "कारण यात आहेच, सर," ते म्हणाले. "लेबरने पाणी मारलं नाही. तेवढं तसंच ठेवा, आम्हाला फक्त उपाय हवा."

मी सांगितलं की तसं नव्हतं. पाणी कार्यक्रमासाठी बंद केलं होतं, मी तिथे होतो, बंद करा म्हणणारा मीच होतो. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, आता ते उकरून काय मिळणार? तो माणूस तर आता इथे नाही." ते खरंच होतं. काकांचा जुना नंबर मी कितीदा लावला, तो अस्तित्वात नाही असं एक बाई मला मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगते.

पंपहाउसच्या मागे गेलो. बाग कंत्राटदाराकडे आहे, त्याचे लोक गाडीने येतात आणि गाडीने जातात. खोलीत खताची पोती आहेत. खिडकी पोत्यांनी झाकली गेली आहे.

परत येताना त्या खांबापाशी थांबलो. पट्टे पुन्हा रंगवायचं काम चालू होतं. पेंटर जुना रंग पत्रीने खरवडत होता, आणि खरवडलेल्या जागी, गिलाव्यात, पाच उभ्या रेघा होत्या. मग सहा टिंबं. मग, थोडी वाकडी, घाईत ओढल्यासारखी, एक रेघ. पाहुण्यांसाठी दिलेलं पाणीसुद्धा काकांनी प्रामाणिकपणे मांडलं होतं. एवढा नेमका अहवाल मला आजवर लिहिता आलेला नाही.

"साहेब, हे चरे भरून घेतो," पेंटर म्हणाला. पुट्टी कालवलेली होती. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. माझी ती सवयच आहे. त्याने पाती फिरवली. रेघा गेल्या, टिंबं गेली, शेवटची रेघ गेली.

"दोन हात मारावे लागतील," तो पाती पुसत म्हणाला. "एका हातात भागत नाही. पुट्टी सुकली की आक्रसते, आत बसते. उन्हाळ्यात सगळं परत दिसायला लागतं."

"एकच मार," मी म्हणालो.